आधी मैदान कोणाचं

टॉम विल्स या क्रिकेटपटूचं एक पत्र १० जुलै १८५८ ला मेलबर्नच्या ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’मध्ये छापून आलं. हिवाळ्यात क्रिकेट बंद पडतं, खेळाडूंची अंगं जड होतात, तेव्हा फुटबॉलचा एखादा क्लब काढावा, असं त्यात त्याचं म्हणणं होतं. विल्स इंग्लंडमधल्या रग्बी स्कूल या शाळेत शिकून आला होता. त्याच वर्षी ७ ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांची पोरं रिचमंड पॅडॉकमध्ये उतरली, एकेका बाजूला चाळीस-चाळीस. पंचांपैकी एक स्वतः विल्स. खेळ तीन शनिवार चालला आणि एकेक गोल होऊन बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी १७ मे रोजी परेड हॉटेलात विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ या चौघांनी बसून दहा नियम लिहून काढले.

लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम १८६३ चे. ज्याला आज जग फुटबॉल म्हणतं त्याचे नियम कागदावर उतरण्याआधी चार वर्षं मेलबर्नचा स्वतःचा फुटबॉल लिहून झाला होता. ही तारीख मी आधी सांगते, कारण ऑस्ट्रेलियात सॉकर, म्हणजे हाच जगाचा फुटबॉल, पुढे कधी जाणार, असं विचारणारे बहुतेक जण सॉकर हा मूळ खेळ आणि बाकीच्या त्याच्या फांद्या असं गृहीत धरून बोलतात. भारतातून फोन करणारे माझे भाऊ तसंच विचारतात. मेलबर्नमध्ये घरचा खेळ ‘फुटी’ आहे, लंबगोल चेंडूचा, अठरा-अठरा खेळाडूंचा, ऑफसाइड नसलेला. सॉकर इथे पाहुणा म्हणून आला, आणि आला तेव्हा घरातल्या खोल्या वाटून झालेल्या होत्या.

खोल्या म्हणजे मैदानं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. मी फुटस्क्रे या मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते आणि ग्रंथालयात काम करते. राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर खुली केली आहेत. ती चाळण्याचा मला नाद लागला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या बारीक टायपातल्या खेळाच्या रकान्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: ओव्हल, म्हणजे क्रिकेटचं लंबवर्तुळाकार मैदान, कोणाला मिळालं, भाडं किती, गेटाचे पैसे कोणाचे.

सुरुवातीला क्रिकेटवाले फुटबॉलला आपल्या हिरवळीवर पाऊल टाकू देत नसत. खेळ बाहेर पार्कात, झाडांच्या मध्ये चालायचा. मग १८७० च्या दशकात लक्षात आलं की हिवाळ्यातली गर्दी उन्हाळ्यातल्या गर्दीला भारी पडते आहे, आणि तिकिटाचे पैसे क्रिकेट क्लबालाही हवेच आहेत. फाटकं उघडली. फुटीला चौकोनी मैदान लागत नाही, क्रिकेटचं लंबवर्तुळच चालतं. एकच जमीन उन्हाळ्यात क्रिकेटची, हिवाळ्यात फुटीची, आणि नगरपालिकेला एकदाच बांधावं लागणारं स्टँड. त्यातच इथल्या पाथरवटांनी १८५६ मध्ये आठ तासांचा दिवस मिळवलेला, पुढे शनिवारची अर्धी सुट्टी रुळलेली. कारखान्यातून सुटलेला माणूस दुपारी चालत किंवा ट्रामनं जवळच्या ओव्हलवर जायचा. कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय: १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या आठ क्लबांपैकी जीलाँग सोडलं तर बाकीची नावं मेलबर्न शहर आणि त्याच्या वस्त्यांचीच होती. फुटस्क्रे १९२५ मध्ये लीगमध्ये आलं.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे फुटबॉलचा संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की त्या दिवशी कोण कोणाच्या घरात जेवतं यालाही अर्थ असतो. ईर्षा म्हणतात त्याला. खेळ चांगला की वाईट हा विचार तिथे दुय्यम. संघ आपला आहे, आणि तो आपल्या आजोबांचाही होता. मेलबर्नची फुटी नेमकी या धाग्यावर उभी आहे. १९७० च्या अंतिम सामन्याला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, १,२१,६९६ माणसं होती.

सिडनीचं थोडक्यात सांगते. तिथे रग्बी रुजली, आणि १९०७ मध्ये खेळताना जायबंदी होणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई नाही, बुडालेला रोज नाही, या रागातून रग्बी लीग वेगळी झाली. डॅली मेसेंजर हा तेव्हाचा मोठा तारा तिकडे गेला आणि प्रेक्षकही गेले. तिथलेही क्लब वस्त्यांचे: साउथ सिडनी, बालमेन, न्यूटाउन. या दोन प्रदेशांमधल्या सीमेला इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये ‘बरासी रेषा’ असं नाव दिलं, रॉन बरासी या फुटीच्या खेळाडूवरून. रेषेच्या एका बाजूला फुटी, दुसऱ्या बाजूला रग्बी. सॉकर दोन्ही बाजूंना होता आणि दोन्हीकडे दुसरा.

सॉकरची सिडनीकडची सुरुवात १४ ऑगस्ट १८८० ची. जॉन वॉल्टर फ्लेचर या इंग्रज शिक्षकानं वाँडरर्स नावाचा संघ जमवला आणि पॅरामॅटा कॉमनवर किंग्ज स्कूलच्या रग्बी खेळणाऱ्या मुलांशी सामना लावला. मग हा खेळ कोळशाच्या खाणींकडे गेला. न्यूकॅसल आणि इलावारा या पट्ट्यांत स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार येऊन वसले होते. इलावारातला बालगाउनी रेंजर्स हा १८८३ चा क्लब अजून चालू आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंत सॉकर हा मुख्यतः ब्रिटिश मजुरांचा खेळ होता. तो ‘परक्यांचा’ आहे हा समज नंतरचा, आणि तो ज्यांच्यामुळे झाला त्यांच्याविषयी मला जास्त जिव्हाळा आहे.

१९४५ मध्ये आर्थर कॉलवेल ऑस्ट्रेलियाचे पहिले स्थलांतर मंत्री झाले. युद्धानंतर बेघर झालेली युरोपातली माणसं जहाजांनी यायला लागली: बाल्टिक देशांतली, पोलिश, युगोस्लाव्ह, मग इटालियन आणि ग्रीक. गोऱ्यांनाच प्रवेश देणारं धोरण अजून शाबूत होतं, आपल्यासारख्यांना दार बंदच होतं, हेही इथे नोंदवायला हवं. आलेल्यांना कारखान्यात काम मिळालं, गोदीत मिळालं, पण बोलायला कोणी नव्हतं. त्यांनी क्लब काढले. १९५० मध्ये फुटस्क्रेचा ‘जस्ट’, म्हणजे युगोस्लाव्ह युनायटेड सॉकर टीम. १९५३ मध्ये मेलबर्न क्रोएशिया. सिडनीत इटालियनांचा आपिया, ज्यूंचा हाकोआ, हंगेरियनांचा सेंट जॉर्ज बुडापेस्ट. १९५९ मध्ये साउथ मेलबर्न हेलास.

आमच्या गल्लीत एक ग्रीक आजोबा राहतात. ते हेलासचा सामना बघायला मिडल पार्कला जायचे. ते सांगतात ते सगळं सामन्याच्या आधीचं आणि नंतरचं: कोणत्या कारखान्यात जागा आहे, कोणाची खोली भाड्यानं आहे, गावाकडून कोणाची बहीण येते आहे आणि तिच्यासाठी कोण मुलगा बघायचा. भाषा न येणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा आपण मूर्ख नाही असं वाटायची ती जागा होती. फुटीच्या क्लबनं वस्तीसाठी जे केलं ते सॉकरच्या क्लबनं विस्थापितांसाठी केलं. फरक एवढाच की या लोकांना मैदान सहज मिळत नव्हतं. ओव्हल भरलेली, चौकोनी मैदानांना पैसा नाही, आणि वर हिणवणं. जॉनी वॉरन हे सिडनीचे, राष्ट्रीय संघाचे कप्तान. त्यांनी २००२ मध्ये आत्मचरित्राला जे नाव दिलं ते म्हणजे सॉकर खेळणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या तीन शिव्या आहेत. बायकांचा खेळ, काळ्या केसांच्या परक्यांचा खेळ, मर्द नसलेल्यांचा खेळ.

याच काळात मेलबर्नला एक सामना झाला, तो इथल्या लोकांनी जवळजवळ विसरून टाकला आहे आणि आपण तरी विसरू नये. १ डिसेंबर १९५६, ऑलिम्पिक पार्क. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. गोव्यातल्या आसगावचा, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबाकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा यानं तीन गोल केले आणि यजमानांना ४-२ नं हरवून भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. आपण शेवटी चौथे आलो. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल झाले, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो बरोबरीनं पहिला. त्याच ऑलिम्पिकमध्ये एमसीजीवर फुटीचाही प्रदर्शनीय सामना खेळवला गेला होता. यजमानांनी आपला घरचा खेळ जगाला दाखवला. ऑलिम्पिक पार्कचं ते मैदान पुढे पाडलं गेलं. आता तिथे ओव्हल आहे आणि त्यावर कॉलिंगवूडचा फुटीचा संघ सराव करतो. गोव्याहून कोणी आलं की मी त्यांना तिथे नेते. नेव्हिलची खूण सांगणारं तिथे काही मला दिसलेलं नाही, म्हणून मीच सांगते.

सॉकरवाल्यांचे स्वतःचे दोषही होते. युरोपातले खेळाडू बदली-रक्कम न भरता आणल्याबद्दल फिफानं १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाला बाहेर काढलं, १९६३ पर्यंत आत घेतलं नाही. युरोपातली भांडणंही जहाजातून आली होती. क्रोएशियन आणि युगोस्लाव्ह क्लबांच्या सामन्यांत मारामाऱ्या व्हायच्या. तरी १९७४ मध्ये राले राशिच या युगोस्लाव्हियात जन्मलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हा संघ पश्चिम जर्मनीतल्या विश्वचषकात पोचला. पूर्ण वेळ फुटबॉलवर पोट भरणारे त्यात क्वचितच. बहुतेकांच्या नोकऱ्या होत्या. एकही गोल झाला नाही, पण चिलीशी बरोबरी झाली. १९७७ मध्ये नॅशनल सॉकर लीग निघाली. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही फुटबॉलची ही पहिली देशव्यापी लीग होती, फुटी आणि रग्बी लीग तेव्हा आपापल्या राज्यात होत्या. या एका बाबतीत सॉकर सगळ्यांच्या पुढे होता.

१९९१ चा अंतिम सामना ऑलिम्पिक पार्कवरच, साउथ मेलबर्न हेलास विरुद्ध मेलबर्न क्रोएशिया. हेलासचे प्रशिक्षक होते फेरेंत्स पुश्काश. होय, तेच, हंगेरीचे. ग्रीसमध्ये प्रशिक्षक राहिल्यामुळे त्यांना ग्रीक येत होतं, इंग्रजी फारसं नाही. त्यांना गाडीतून फिरवायचं आणि दुभाष्याचं काम करायचं ते संघाच्या कप्तानानं. त्या कप्तानाचं नाव अँज पोस्टेकोग्लू, अथेन्सला जन्मलेला, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर मेलबर्नला आलेला. हेलास पेनल्टींवर जिंकला. याच पोस्टेकोग्लूनं २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाला आशिया चषक जिंकून दिला आणि २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग. एका स्थलांतरितांच्या क्लबनं काय घडवलं याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

आणि नेमक्या याच क्लबांना त्यांच्याच खेळाच्या चालकांनी नावं पुसायला लावली. हेलास, क्रोएशिया, युव्हेंटस ही नावं काढा, ध्वज काढा, म्हणजे ‘मुख्य प्रवाहातला’ ऑस्ट्रेलियन येईल, हा हिशेब. १९९० च्या दशकात हा आग्रह टोकाला गेला. क्रोएशिया ‘नाइट्स’ झाले. मिडल पार्कचं मैदान फॉर्म्युला वन शर्यतीसाठी पाडलं गेलं आणि हेलास जवळच्या लेक ओव्हलवर गेला. ते ओव्हल रिकामं का होतं? कारण तिथला फुटीचा क्लब, साउथ मेलबर्न, पैशाअभावी १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला होता. त्या जागेवर चौकोनी मैदान झालं. एवढ्या वर्षांत फुटीच्या जमिनीवर सॉकर बसल्याची ही विरळ घटना, आणि ती घडली दोन्ही खेळांच्या माणसांचं घर मोडून.

फुटस्क्रेत तर दोन्ही खेळांची कसोटी एकाच वर्षी लागली. १९८९ मध्ये लीगनं फुटस्क्रेचा फुटी क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जाहीर केलं. पीटर गॉर्डन या तरुण वकिलानं न्यायालयात धाव घेतली, लोक देणगीचे डबे वाजवत दारोदार फिरले, काही आठवड्यांत लागेल तेवढा पैसा उभा राहिला आणि क्लब वाचला. आज तो वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणून खेळतो. १९५४ नंतर थेट २०१६ मध्ये त्यानं अजिंक्यपद मिळवलं. त्याच १९८९ मध्ये ‘जस्ट’ राष्ट्रीय लीगमधला शेवटचा मोसम खेळला. ज्या देशाचं नाव त्यानं लावलं होतं तो देशच मोडकळीला आला होता, त्यामुळे त्याच्यासाठी डबा वाजवत फिरणार कोण? ग्रंथालयात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बुलडॉग्जविषयी विचारलं तर तासभर बोलतात. ‘जस्ट’विषयी विचारलं तर काही जण बोलतात, काही जण विषय बदलतात.

२००३ मध्ये सॉकरच्या कारभाराविषयी सरकारनं नेमलेल्या समितीचा क्रॉफर्ड अहवाल आला, फ्रँक लोवी या खेळाचे सूत्रधार झाले, २००४ ला जुनी लीग बंद झाली. लोवी स्वतः चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले, १९५२ मध्ये आलेले, हाकोआचे. ऑगस्ट २००५ मध्ये ए-लीग सुरू झाली: शहरागणिक एक क्लब, विकत दिलेला परवाना, वर चढायचं नाही, खाली घसरायचं नाही. बहुतेक जुने क्लब राज्यांच्या स्पर्धांत ढकलले गेले. लगेच १६ नोव्हेंबरला सिडनीत उरुग्वेविरुद्ध जॉन अलोइसीनं पेनल्टी मारली आणि ३२ वर्षांनी विश्वचषकाचं दार उघडलं. वॉरन ते बघायला राहिले नव्हते, वर्षभर आधीच गेले. त्या वेळी जो तो म्हणत होता, आता सॉकर फुटीला गिळणार.

तसं झालं नाही. माझं म्हणणं आहे की ते होणारही नव्हतं, कारण सॉकरकडे आजोबांपासून चालत आलेली जी थोडी घरं होती, तीच त्यानं राष्ट्रीय दरवाजाबाहेर ठेवली. शिस्त आली, मारामाऱ्या कमी झाल्या, ते गरजेचं होतं. पण नवा क्लब जाहिरातीनं काढता येतो, ईर्षा जाहिरातीनं येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ए-लीगच्या चालकांनी अंतिम सामना पैसे घेऊन सिडनीला बांधून दिला, तेव्हा प्रेक्षक चिडले ते यामुळेच: त्यांना ग्राहक समजलं गेलं होतं. पुढे मेलबर्नच्या दोन संघांच्या सामन्यात लोक मैदानात घुसले आणि गोलरक्षक जखमी झाला. त्या हिंसेचं समर्थन मी करणार नाही.

खेळणाऱ्यांत मात्र सॉकर केव्हाच जिंकलेला आहे. संघानं खेळायच्या खेळांत या देशात सर्वांत जास्त मुलंमुली तोच खेळतात. राष्ट्रीय संघाच्या बाबतीतही तेच. १६ ऑगस्ट २०२३ ला महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, इंग्लंडविरुद्ध: सिडनीत ७५,७८४ प्रेक्षक, दूरचित्रवाणीवर सरासरी ७० लाखांहून अधिक. हरलो, पण सॅम करचा तो लांबून मारलेला गोल माझी मुलगी अजून भिंतीवर मारून बघते. सॅमचे वडील कोलकात्यात जन्मलेले, भाऊ डॅनिएल वेस्ट कोस्ट ईगल्सकडून फुटी खेळलेला, ती स्वतःही लहानपणी फुटीच खेळायची. एका घरात दोन्ही खेळ नांदतात, हे इथल्या बहुतेक घरांचं खरं चित्र आहे. माझी मुलगी शनिवारी सकाळी सॉकर खेळते आणि दुपारी बुलडॉग्जचा गळपट्टा घालून बसते. तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. फुटीच्या २०२५ पासूनच्या सात वर्षांच्या प्रक्षेपणाला ४५० कोटी डॉलर मिळाले ते दुपारच्या त्या गळपट्ट्यामुळे.

आमच्या पश्चिमेकडे, टार्नीटला, भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही पुष्कळ. तिथे स्वतःच्या मालकीचं मोठं मैदान बांधण्याच्या वचनावर वेस्टर्न युनायटेड हा ए-लीगचा क्लब २०१९ मध्ये मैदानात उतरला. २०२२ मध्ये अजिंक्यही झाला. ते मोठं मैदान उभं राहिलं नाही, छोटंच झालं, आणि २०२५-२६ च्या मोसमात क्लब उतरलाच नाही. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मात्र दुसरी एक गोष्ट घडली: राज्यांच्या स्पर्धांतल्या क्लबांसाठी राष्ट्रीय पातळीवरची नवी स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्यात साउथ मेलबर्न, आपिया, मार्कोनी, मॅसिडोनियनांचा प्रेस्टन हे जुने क्लब परत आले. या स्पर्धेतून ए-लीगमध्ये चढण्याची वाट अजून ठरलेली नाही. ती ठरली, आणि टार्नीटच्या पोरांनी स्वतःच्या वस्तीचा, स्वतःच्या मैदानाचा क्लब काढून त्या वाटेनं वर जायचं ठरवलं, तर फुटीला पहिल्यांदा बरोबरीचा गडी मिळेल असं मला वाटतं. तोपर्यंत भावांच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असंच राहणार आहे.